बसवून ठेवलं म्हणून पडणं टळत नाही

“आई, आता तू काही करायचं नाहीस. फक्त बसून राहा.”

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा मी बोलले. आई ७८ वर्षांची. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर दादा-वहिनींकडे असते. एका पहाटे बाथरूमकडे जाताना ती पडली. मनगट सुजलं, कपाळावर टेंगूळ आलं, पण हाड मोडलं नाही. थोडक्यात निभावलं म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवसापासून घरात नवी शिस्त सुरू झाली. चहा जागेवर, पेपर जागेवर, ताट हातात. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी, संध्याकाळी खाली उतरून देवळापर्यंत जाणं, सगळं एकेक करून काढून घेतलं. येणारेजाणारे कौतुक करत, किती जपता तुम्ही आईला! चार महिन्यांनी आई पुन्हा पडली. या वेळी फरशी कोरडी होती, दिवा लागलेला होता, पायात काही अडकलं नव्हतं. ती खुर्चीतून उठली आणि उभी राहता राहता बाजूला कलंडली.

ते दुसरं पडणं आम्ही ओढवून घेतलं, असं आज मी म्हणते. आणि ज्या समजुतीने ते ओढवलं ती इतक्या घरांत, इतक्या मायेने पाळली जाते की तिचं खंडन करायलाच हवं.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, नजर अधू होते, तोल जातो. माणूस पडतं ते चालताना, उठताना, जिना उतरताना. बसलेलं माणूस पडत नाही. तेव्हा चालणं जितकं कमी तितका धोका कमी. हा धोका खराच मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार पासष्टी ओलांडलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के माणसं दरवर्षी पडतात. सत्तरीनंतर हेच प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जातं. जगभरात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे. खुब्याचं हाड मोडलं तर वर्षभरात साधारण पाचातलं एक माणूस जातं, आणि जे राहतं त्यातलं बरंचसं पूर्वीसारखं चालू शकत नाही. अंथरुणाला खिळलेली आजी ज्या घराने पाहिली आहे, त्या घराने दुसऱ्या आजीला खुर्चीतून उठू दिलं नाही तर त्याला दोष देववत नाही. शिवाय या मताला एका जुन्या म्हणण्याचा टेकू आहे: पिकलं पान, आज ना उद्या गळायचंच, आपण फक्त वारा लागू द्यायचा नाही.

आता उत्तरपक्ष. बसवून ठेवलेलं माणूस खरोखर दिवसभर बसून राहतं, असं या युक्तिवादात गृहीत धरलेलं आहे, आणि तो तिथेच मोडतो. सगळं जागेवर दिलं तरी संडास-बाथरूमला ज्याचं त्यालाच जावं लागतं. दिवसातून सहा-सात वेळा, त्यातल्या एक-दोन फेऱ्या रात्रीच्या. आम्ही आईकडून काढून घेतल्या त्या उजेडातल्या, जागेपणीच्या, सावकाशीच्या फेऱ्या: गॅलरीपर्यंत, ओट्यापर्यंत, देवळापर्यंत. शिल्लक ठेवल्या त्या अर्धवट झोपेतल्या, घाईच्या, ओल्या जागेकडे जाणाऱ्या. जोखीम जशीच्या तशी राहिली, आणि ती निभावून नेणारे पाय महिन्यागणिक दुबळे होत गेले.

किती दुबळे होतात? २००७ सालीच अमेरिकेतल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या दहा-बारा निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं, चरबी सोडून, जवळपास एक किलो मांस झडलं. खुर्चीत बसणं म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे, हे मान्य. पण ती माणसं आईपेक्षा दहा वर्षांनी लहान होती, आणि आमची शिस्त चालली चार महिने.

ठेच लागली तरी प्रत्येक वेळी माणूस पडत नाही. दुसरा पाय झटकन पुढे पडतो, घोटा आवळतो, मांडी भार पेलते, आणि आपण “अगं बाई!” म्हणून पुढे चालू लागतो. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. वय वाढतं तसे स्नायूंमधले असा झटकन जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात, आणि वापर नसला तर आणखी लवकर. ठेच तरुणालाही लागते. म्हाताऱ्या माणसाचा सावरणारा पाय वेळेवर पोचत नाही, एवढाच फरक आहे. तो पाय वेळेवर पोचावा अशी तजवीज करायची सोडून आपण त्याला स्टुलावर ठेवतो.

दुसऱ्यांदा पडल्यावर घरी जी फिजिओथेरपिस्ट आली ती पोरसवदा होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने कसलंही यंत्र आणलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाची बिनहातांची खुर्ची तिने भिंतीला टेकवली, आईला दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरायला लावले आणि म्हणाली, “आजी, हात न टेकता उठा बघू.” आई पुढे वाकली. पावलं रोवली. गुडघे थरथरले, ती वीतभर वर आली आणि धपकन खाली बसली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. खोलीत कुणी बोलेना. तिसऱ्या वेळी आईने न कळत हात मांड्यांवर दाबले आणि उठली, मोठ्या अभिमानाने. “अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजतात,” ती मुलगी वहिनीला हळूच म्हणाली, “हात लावावे लागले तर शून्य धरायचे.” चार महिन्यांपूर्वी हीच आई देवळाच्या पायऱ्या चढत होती.

या मुख्य समजुतीच्या आधाराला दोन उपसमजुती उभ्या असतात. पहिली अशी: “पडून हाड मोडलं नाही हो, हाड आधी मोडलं म्हणून त्या पडल्या.” असं क्वचित होतं. खुब्याच्या हाडाच्या शंभर मोडींपैकी पंचाण्णवांहून अधिक पडल्यानेच होतात, बहुधा कुशीवर पडल्याने. तरी ही समजूत टिकून आहे, कारण ती सगळ्यांनाच मोकळं करते. हाड आपसूक मोडलं म्हटलं की पडणं कसं टाळता आलं असतं हा प्रश्न उरत नाही, आणि उपायही हाडापुरताच सुचतो: दूध, कॅल्शियमची गोळी, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी. ज्यांच्यात कमतरता आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या हिशेबाने भरून काढावी. हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत दिसलं तर त्यावर वेगळी आणि चांगली औषधं आहेत, ती घ्यावीत. पण ‘जास्त घेतलं तर जास्त बळ’ हा हिशेब चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१० साली आला. ज्यांना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाचा ५ लाख युनिटचा डोस दिला, त्या न घेणाऱ्यांपेक्षा १५ टक्के जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही २६ टक्के जास्त मोडली.

दुसरी उपसमजूत आपल्या भाषेतच रुजली आहे. कशा पडल्या, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पाय घसरला. सगळा दोष फरशीचा. मग व्हिट्रिफाइड टाइल्सना नावं ठेवायची, जुनी शहाबादी बरी होती म्हणायचं आणि पायपुसणं बदलायचं. मेरी टिनेटी या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ साली घरीच राहणाऱ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या ३३६ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. झोपेच्या गोळ्या, पायांतली कमजोरी, चालण्यातला आणि तोलातला दोष, पावलांची दुखणी, स्मृतीची गळती अशी कारणं त्यांनी एकेक करून मांडली. ज्यांच्यात यातलं एकही नव्हतं, त्यांची वर्षभरात पडण्याची शक्यता ८ टक्के निघाली. चार किंवा अधिक कारणं असलेल्यांची ७८ टक्के. या हिशेबात ‘वय झालं’ हे उत्तर बसत नाही. एकाच वयाच्या दोन आज्यांमध्ये हा फरक आहे, आणि त्यातली निम्मीअधिक कारणं हात लावता येण्याजोगी आहेत.

आमच्या आईचंच घ्या. पहिल्या वेळी ती पडली ती जागा जेमतेम ओली होती. पण बाबा गेल्यावर झोप लागेना म्हणून सुरू झालेली झोपेची गोळी ती नऊ वर्षं घेत होती. मूळ चिठ्ठी कधीच हरवली होती. औषधाच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळे. शिवाय बीपीच्या दोन गोळ्या, दोन्ही रात्री. आडवं झोपवून वरचा आकडा मोजला तेव्हा १४८ भरला आणि उभं करून मिनिटभराने १२२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर तो उतार गंभीर धरतात. आई म्हणायची, “उठलं की जरा अंधारी येते, पण मग जाते.” आम्ही ते कितीदा ऐकलं होतं! बीपी दर महिन्याला मोजलं जायचं, पण नेहमी बसवून. उभं करून कुणी कधी मोजलंच नव्हतं.

गोळ्यांचा हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सगळ्यांत दुर्लक्षित आहे. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी १९९९ साली झोपेच्या आणि मनावरच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या ९३ जणांवर चाचणी केली. ज्यांच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, त्यांच्यात पडण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटला. एवढा मोठा फायदा दुसऱ्या कुठल्याच एकट्या उपायाने माझ्या वाचनात नाही. तरी चाचणी संपल्यावर महिन्याभरात गोळी पूर्णपणे सुटलेल्यांपैकी जवळपास निम्मे परत तिच्याकडे वळले. सवय इतकी चिवट असते. ती एका रात्रीत तोडायचीही नसते; एकदम बंद केल्याने वेगळेच त्रास उद्भवतात. आईची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावपाव करत उतरवायला चार महिने लागले, आणि त्यातला पहिला महिना तिला फार जड गेला.

डोळ्यांबद्दल थोडंच सांगते. दूरचं आणि जवळचं एकाच भिंगात असलेला चष्मा घालून जिना उतरताना खालची पायरी वाचायच्या भागातून दिसते, म्हणून ती पुसट होते. आणि ‘आता या वयात कशाला’ म्हणून लांबवलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नये: इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या ज्या बायकांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलं, त्यांचं पडण्याचं प्रमाण वाट पाहणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी झालं.

म्हणून फरशीला निर्दोष सोडावं असं नाही. बाथरूममध्ये धरायला काय आहे, ते आज जाऊन पाहा. बहुतेक घरांत टॉवेलची दांडी असते. ती टॉवेलच्या वजनाला पुरेल अशा दोन लहान स्क्रूंवर बसवलेली असते, आणि घसरणारं माणूस नेमकी तीच पकडतं. भिंतीत खोल बसवलेली, माणसाचा भार पेलणारी दांडी कमोडशेजारी एक आणि नळाशेजारी एक. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर झिरोचा बल्ब. कडा दुमडलेलं पायपुसणं आणि पायात येणारा लांब गाऊन हद्दपार. हे करावंच. पण याचंही एक गणित आहे. २०२३ साली अशा २२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. जे आधी पडलेले आहेत किंवा ज्यांना रोजच्या कामांत मदत लागते, त्यांच्यात घरातल्या अशा सुधारणांनी पडणं ३८ टक्क्यांनी घटलं. सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांच्या घरी तेच केलं तर फायदा दिसला नाही. नुसतं घर बदलून भागत नाही, माणसाकडेही पाहावं लागतं.

मग बसवायचं नाही तर करायचं काय? न्यूझीलंडमध्येच, ओटॅगो विद्यापीठातल्या मंडळींनी १९९७ साली ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट दोन महिन्यांत चार वेळा जाऊन आली. पायांना बळ देणारे आणि तोल सुधारणारे व्यायाम प्रत्येकीच्या कुवतीप्रमाणे बसवून दिले, ते आठवड्यातून तीनदा करायचे आणि चालायचं. दुसऱ्या गटाकडे भेटीगाठी झाल्या, गप्पा झाल्या, व्यायाम नाही. वर्षअखेरीला गप्पांच्या गटात १५२ वेळा पडणं झालं होतं, व्यायामाच्या गटात ८८. ज्या बायकांना आपण खुर्चीतून उठू देत नाही त्यांच्या वयाच्या, किंबहुना त्यांच्याहून मोठ्या बायका या. त्यानंतर २०१९ साली १०८ चाचण्यांची बेरीज झाली, २३ हजारांहून अधिक माणसांची. व्यायामाने पडणं २३ टक्क्यांनी कमी होतं, हे आता वादातीत आहे.

इथे आणखी एका समजुतीशी भांडावं लागतं: “आमचे अण्णा रोज बागेत चार फेऱ्या मारतात, त्यांना काय गरज?” चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं त्या बेरजेतून खात्रीने म्हणता आलं नाही. तोल सुधारतो तो तोलाला थोडं अडचणीत टाकल्यावर. ओट्याची कड धरून टाचा उचलणं, मग एका हाताने धरून, मग नुसती बोटं टेकवून. एका पायावर उभं राहणं, आधी मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत. एका पावलापुढे दुसरं लावत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं. खुर्चीतून उठणं-बसणं, सावकाश. शेजारी कुणीतरी उभं हवं आणि ओटा हाताशी हवा. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्यांवर हिशेब ठेवला जातो: पहिल्या शिट्टीपर्यंत टाचा, दुसरीपर्यंत एक पाय.

पूर्वपक्षाकडे अजून एक बाण आहे, आणि तो बोथट नाही. त्याच टिनेटींच्या परंपरेतली, अमेरिकेतल्या ८६ दवाखान्यांतली आणि ५,४५१ माणसांची मोठी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. परिचारिकांनी प्रत्येकाच्या जोखमी शोधल्या, त्यावर आराखडा करून दिला. तरी पडून गंभीर दुखापत होण्याचं प्रमाण खात्रीने सांगता येईल इतकं घटलं नाही. मग एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर असं: त्या चाचणीत आराखडा हातात दिला गेला, पण त्यातला व्यायाम बाहेर कुठेतरी जाऊन, आपला आपण, करायचा होता. ओटॅगोत फिजिओथेरपिस्ट घरात येऊन तो पायांत बसवून गेली. सल्ला देणं आणि पायात बळ येणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर घरच्यांनाच भरून काढावं लागतं. आणि समजा फायदा अपेक्षेपेक्षा कमीच निघाला, तरी त्यातून ‘बसवून ठेवा’ हे सिद्ध होत नाही. बसवून ठेवल्याने पडणं कमी झालं, असा एकही अभ्यास या मताच्या बाजूने माझ्यासमोर कुणी ठेवलेला नाही.

‘पडशील’ हा शब्दही घरातून कमी करायला हवा. आम्ही तो दिवसातून वीसदा उच्चारत होतो. ऐकून ऐकून आई पावलं आखडून, नजर फरशीला लावून, फर्निचर चाचपत चालू लागली होती. तसं चालणाऱ्याचा तोल अधिकच जातो. ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला आहेत अशा घरांत आता हॉलमध्ये कॅमेरे लागले आहेत, आणि तो शब्द फोनवरून येतो. कॅमेऱ्यात आई पडलेली दिसते, तेव्हा पडायचं ते पडून झालेलं असतं.

राहिली एक गोष्ट, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही: पडल्यावर उठायचं कसं. १९८१ साली इंग्लंडमध्ये घरी पडलेल्या वृद्धांचा एक अभ्यास झाला. जी माणसं तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिली होती, त्यांतली निम्मी सहा महिन्यांत गेली. आपल्याकडे गुडघे दुखू लागले की पहिला सल्ला जमिनीवर बसणं सोडण्याचा असतो. आईनेही सहा वर्षांपूर्वी सोडलं होतं. पाट गेला, मांडी गेली, आणि त्यांच्याबरोबर जमिनीवरून वर येण्याची वाटही विसरली. त्या मुलीने सतरंजी अंथरून ती वाट पुन्हा घालून दिली: कुशीवर वळायचं, कोपरावर भार घ्यायचा, मग रांगायच्या पवित्र्यात यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, बैठकीवर दोन्ही हात ठेवायचे, बळकट पाय पुढे रोवायचा आणि वर. गुडघ्यांखाली उशी. पहिल्या दिवशी दादाने काखेत हात घालून उचललं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचे हात नुसते जवळ असायचे.

गेल्या महिन्यात आई पुन्हा पडली. गॅलरीत, झारी घेऊन कुंडीला वळसा घालताना. आवाज ऐकून दादा धावत गेला तेव्हा ती ओल्या मातीत कुशीवर वळत होती, कोपर टेकत होती.

“थांब,” ती त्याला म्हणाली, “हात लावू नकोस. खुर्ची तेवढी इकडे सरकव.”